मीठ आणि पाहुणा

परक्याचे अन्न खाल्ल्याने परका मनुष्य कळतो काय? प्रश्न दिसावयास साधा आहे, आणि बहुतेक सुशिक्षित मंडळी त्याचे उत्तर 'कळतो' असेच देतील. एका पंक्तीस बसून जेवल्याने माणसे जवळ येतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो; आणि अलीकडे तर या समजुतीच्या आधारावर एक नवी प्रथाच उभी राहिली आहे. तिला 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' म्हणतात; आपण तिला कलावंत-निवास म्हणू. दूरदेशीच्या चित्रकाराला किंवा लेखकाला एखाद्या ठिकाणी महिना-दोन महिने राहावयास बोलवावयाचे, त्याच्या राहण्याजेवण्याची सोय लावावयाची, आणि त्याने त्या ठिकाणचा वारसा पाहून काही कलाकृती निर्माण करावी, अशी तिची सामान्य रीत. या वारशात अन्नाला हल्ली मोठा मान मिळू लागला आहे. देवळाचा इतिहास समजण्यास शिलालेख वाचावे लागतात, भाषा समजण्यास वर्षे घालवावी लागतात. अन्न मात्र तोंडात घातले की समजले, अशी काहीशी कल्पना याच्या मुळाशी असावी. ही कल्पना आम्हांस खरी वाटत नाही. ती का वाटत नाही, आणि तिच्या जागी कोणती कल्पना ठेवावी, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

असे समजा की, ज्याचे पूर्वज पोलंडातले आणि ज्याचा जन्म इंग्लंडातला, असा एखादा कलावंत नागपूरजवळ मिहान येथे अशा निवासाकरिता आला. पोलंड आणि इंग्लंड ही जोडी आम्ही उगीच घेतली नाही. महाराष्ट्राशी तिचा संबंध पुढे येईलच. आधी मिहानकडे पाहू. मिहान हे नाव कोणा गावाचे नव्हे. एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून ते बनले आहे; विमानतळ, मालवाहतुकीचे केंद्र आणि त्याला जोडून उद्योगांचे विशेष क्षेत्र, असा त्याचा अर्थ. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही गावे त्याच्या पोटात किंवा काठावर आली. आज तेथे २०२२ साली उद्घाटन झालेले एम्सचे रुग्णालय आहे, त्याच वर्षी उघडलेले आयआयएमचे आवार आहे, संगणकाच्या कंपन्या आहेत, विमाने दुरुस्त करण्याचा कारखाना आहे, आणि २०२५ च्या मार्चपासून संत्र्यांचा रस काढणारे पतंजलीचे फूड पार्कही आहे. अशा ठिकाणी उतरलेल्या पाहुण्याने 'येथले अन्न कोणते?' असे विचारले, तर यजमानांनी काय दाखवावे?

बहुधा ते त्याला मोटारीत घालून नागपुरातल्या एखाद्या सावजी भोजनालयात नेतील. ते योग्यही होईल. कारण सावजी हा नागपूरचा खरा वारसा आहे. तो हलबा कोष्टी समाजाच्या घरचा. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांच्या घरी भाजलेल्या मसाल्यांचा आणि जवसाच्या तेलाचा हा झणझणीत रस्सा शिजला. पुढे हातमागाचे दिवस फिरले आणि घरातली चूल भोजनालयात आली. पाहुणा पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढील, यजमान हसतील, छायाचित्रे निघतील. पण त्या डोळ्यांतल्या पाण्याचा आणि बुडालेल्या मागांचा काही संबंध आहे, हे त्याला घासातून कळेल काय? आमच्या मते कळणार नाही. कोणीतरी ते सांगावे लागेल, आणि त्याने ते ऐकून घेण्याची तयारी दाखवावी लागेल.

याहून अवघड गोष्ट रोडग्यांची आहे. वऱ्हाड-नागपुराकडचा मनुष्य रोडगे म्हटले की वांग्याची भाजी, वरण आणि शेतातली पंगत या तिन्ही गोष्टी एकदम मनात आणतो. कारण रोडगे शेतात, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजावयाचे असतात. त्यांना कणीक लागते तशी मोकळी जागा लागते, गाई-म्हशी लागतात, आणि बोलावण्यास शेजारी लागतात. ज्याचे शेत धावपट्टीखाली किंवा कारखान्याच्या भिंतीआड गेले, त्याला मोबदल्याचे पैसे मिळाले असतील, नव्या वसाहतीत घरही मिळाले असेल. पण गॅसच्या शेगडीवर रोडगे होत नाहीत. काही पदार्थ माणसाबरोबर प्रवास करतात, काही जमिनीबरोबर राहून जातात. तेव्हा मिहानच्या वारशाचा शोध घेणाऱ्याला असा एक पदार्थ शोधावा लागेल, की जो त्याच्या पानात येणारच नाही. चवीवर विसंबून राहणाऱ्याला हे न वाढलेले पान कधीच दिसावयाचे नाही.

येथे वाचकांपाशी एक कबुली देणे आम्हांस भाग आहे. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आयुष्य घालविले. डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेतील पुडिंगविषयी आम्ही वर्षानुवर्षे वर्गात इतक्या रंगाने बोलत आलो की, विद्यार्थ्यांच्या तोंडास पाणी सुटावे. वस्तुतः ते पुडिंग आम्ही तोवर डोळ्यांनीही पाहिले नव्हते. उलट, ज्या शहरात राहून हे सर्व शिकविले, तेथल्या कोष्ट्यांच्या घरी काय शिजते याची चौकशी आम्ही पन्नाशी जवळ येईपर्यंत केली नाही. ते अन्न आमच्या घरात शिजत नसे, एवढेच त्याचे कारण नव्हते. ते ज्यांच्या घरी शिजे त्यांच्या घरी आमचे जाणेयेणे नव्हते, हे खरे कारण. म्हणून परदेशी पाहुण्याचे दोष काढताना आमचा हात थोडा आखडतो.

आता पोलंडाकडे वळू. १९३९ च्या सप्टेंबरात त्या देशावर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने चाल केली. पूर्वेकडच्या लक्षावधी पोलिश लोकांना पुढच्या दीड-दोन वर्षांत सैबेरिया, कझाकस्तान अशा प्रदेशांत हाकलण्यात आले. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर त्यांच्यापैकी काहींची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये त्यांतले बरेच लोक इराणात येऊन पोहोचले. पुरुष बहुतांशी सैन्यात गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे जगभर विखुरली. त्यांपैकी शेकडो मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे आश्रय दिला; आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते. लांबच लांब बराकींत कुटुंबागणिक खोल्या होत्या आणि स्वयंपाकाची जागा होती.

ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सामुदायिक भटारखान्यातून मिळणाऱ्या अन्नाने मनुष्य जगतो; पण आपल्या चुलीवर आपल्या हाताने शिजविलेल्या अन्नाने तो पुन्हा गृहस्थ होतो. सैबेरियाच्या उपासमारीतून आलेल्या मुलांपैकी कित्येकांच्या आठवणींत पावाचे तुकडे उशीखाली लपवून ठेवल्याचा उल्लेख येतो. अशा मुलांच्या आयांना कोल्हापूरच्या उन्हात, बाजारातल्या भाज्या आणि परके पीठ घेऊन, पुन्हा आपले घर मांडावयाचे होते. त्यांच्या देशात राईचे पीठ आंबवून त्याचे आंबट सार करतात. आपल्याकडे ज्वारीचे पीठ आंबवून आंबील करतात. त्यांच्याकडे पिठाच्या पारीत बटाटा व पनीर भरून उकडलेले पदार्थ असतात. आपल्याकडे नागपंचमीला पुरण भरून दिंडे उकडतात. त्यांच्याकडे जमिनीवर पडलेला पाव उचलून त्याचे चुंबन घेण्याची चाल आहे. आपल्याकडे अन्नाला पाय लागला तर हात लावून डोळ्यांस लावतात. वळिवड्याच्या शेतकरणीने आणि पोलिश बाईने एकमेकींच्या हंड्यांत डोकावून पाहिले की नाही, हे कोणी सांगावे? पण डोकावले असते तर दोघींना फारसे नवल वाटले नसते, एवढे खात्रीने म्हणता येईल.

तथापि या साम्यांवरच थांबणे म्हणजे चवीच्याच मोहात पुन्हा सापडणे होय. साम्ये शोधणे हा विद्वानांचा सोपा उद्योग आहे. खरी गोष्ट पुढेच आहे. १९४८ च्या सुमारास ही वसाहत मोडली. स्वदेशात परकी सत्ता बसल्यामुळे पुष्कळांनी परत न जाता इंग्लंडची वाट धरली; १९४७ साली तेथे पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला होता. तेथेही त्यांच्यापैकी पुष्कळांच्या वाट्यास प्रथम सैनिकांच्या रिकाम्या छावण्याच आल्या. आणि इकडे वळिवड्याच्या रिकाम्या झालेल्या बराकींत कोण आले? फाळणीमुळे सिंधमधून घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे. तीच जागा आज गांधीनगर म्हणून ओळखली जाते आणि कापडाच्या व्यापाराकरिता प्रसिद्ध आहे. एका निर्वासिताची चूल जेथे विझली तेथे दुसऱ्या निर्वासिताने आपली चूल पेटविली. वळिवड्याचा 'स्थानिक वारसा' कोणता, असे विचारल्यास त्यात पोलिश सारही येते, सिंधी कढीही येते आणि मूळच्या गावकऱ्याची भाकरीही येते. वारसा हा भूमीतून उगवतो हे खरे. पण तो वाटेने चालतही येतो.

आता आमच्या प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. 'अहो, चव हीच जर ओळखीची पहिली पायरी असेल तर तिला कमी का लेखता?' असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर इंग्लंडचे उदाहरण देऊन देता येईल. हिंदी अन्नाची गोडी इंग्रजांना फार पूर्वीपासून लागली. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ च्या पाकशास्त्रात 'करी'ची कृती आहे. १८१० साली पाटण्याच्या शेख दीन महंमदाने लंडनात हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढले. ते दोन वर्षांतच बुडाले, पण करीचा शौक बुडाला नाही. करीची पूड बाटल्यांतून विकली जाऊ लागली. पावणेदोनशे वर्षे हे राष्ट्र आपले अन्न चाखीत आपल्यावर राज्य करीत होते. ज्या १९४३ साली वळिवड्याची वसाहत उभी राहिली, त्याच साली बंगालात दुष्काळ पडला, आणि त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली असा अंदाज आहे. करी खाणाऱ्यांच्या राज्यात करी शिकविणारे उपाशी मेले. चवीने माणूस कळत असता, तर असे घडते ना. चव ही घेणाऱ्याची असते. तिच्यात देणारा असावाच असे नाही.

मग देणाऱ्याचे स्मरण ज्यात असते ते काय? आपल्या भाषेत त्याला एक साधा शब्दप्रयोग आहे: मिठाला जागणे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमान होऊ नये, हा त्याचा अर्थ. यात रुचीचा प्रश्न नाही. मीठ कमी होते की जास्त, रस्सा तिखट होता की सपक, हे विचारले जात नाही. यात ऋणाचा प्रश्न आहे. आणि आश्चर्य असे की, पोलंडातही पाहुण्याचे आणि नवपरिणीत जोडप्याचे स्वागत भाकरी आणि मीठ पुढे करून करण्याची जुनी चाल आहे. आमचा सगळा युक्तिवाद याच भेदावर उभा आहे. चव घेणारा विचारतो, 'हे कसे लागते?' मिठाला जागणारा विचारतो, 'हे मला कोणी दिले, कशातून दिले, आणि मी त्याचे काय देणे लागतो?'

वळिवड्यात वाढलेल्या पोलिश मुलांनी दुसरा प्रश्न विचारला असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. इंग्लंडात स्थायिक झाल्यावर त्यांनी आपला संघ काढला, हिंदुस्थानातील आठवणींचा ग्रंथ सिद्ध केला. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचे स्मारक उभे राहिले. २०१९ च्या सप्टेंबरात त्यांच्यापैकी काही वृद्ध मंडळी पुन्हा वळिवड्यास आली आणि तेथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरचे स्मारक आहे; २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या मिठाला जागणे म्हणतात ते हे.

परंतु हे सांगताना आपणच आपली पाठ थोपटून घेऊ लागलो तर तो मोठा प्रमाद होईल. दोन गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. पहिली अशी की, वळिवड्याच्या वसाहतीच्या खर्चाचा भार मुख्यतः लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारवर होता. आपण दिली ती जागा, शेजार आणि माणुसकी. ही देणगी लहान नव्हे. पण ती आहे तेवढीच सांगावी. दुसरी गोष्ट याहून बोचणारी आहे. अतिथीला देव मानण्याची उपनिषदाची आज्ञा आपण पाहुण्यासमोर अभिमानाने उच्चारतो. पण त्याच काळी आपल्याच गावातल्या माणसाला आपल्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येण्याची मनाई होती. सातासमुद्रांपलीकडचा मनुष्य देव, आणि गावकुसाबाहेरचा मनुष्य माणूससुद्धा नाही, असा आपल्या आतिथ्याचा हिशेब होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. अन्नाच्या वारशात पाककृती असतात तशा या बंद्याही असतात, आणि जो वारसा मांडणारा त्या वगळतो तो अर्धेच ताट वाढतो.

याच कोल्हापुरात या रोगावर औषध शोधणारा राजा होऊन गेला होता, हेही विसरता येत नाही. गंगाराम कांबळे हा दरबारचा नोकर. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्याला मार खावा लागला. शाहू महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढावयास साह्य केले, आणि स्वतः तेथे थांबून, लोकांसमक्ष त्याच्या हातचा चहा ते घेत. महाराजांना चहाची तहान होती म्हणून त्यांनी तो घेतला नाही. त्या चहाला वेगळी चवही नसेल. पण त्या एका कपाने जे सांगितले ते शंभर व्याख्यानांनी सांगितले नसते. येथे खाणाराच देणारा झाला आहे, आणि देणाऱ्याची मान वर झाली आहे. अन्नाने माणूस कळण्याचा मार्ग असेल तर तो हाच: ज्याच्या हातचे आपण खात नव्हतो त्याच्या हातचे खाणे, आणि ते खाल्ल्याचे लपवून न ठेवणे.

आता आपल्या मिहानच्या पाहुण्याकडे परत येऊ. त्याने काय करावे? आमचे मत विचाराल तर त्याने पहिले काही दिवस कुंचला, लेखणी आणि छायायंत्र पेटीत बंद ठेवावे, आणि नुसते जेवावे; पण यजमानांनी नेमलेल्या एकाच ठिकाणी नव्हे. कोष्ट्याच्या घरी जेवावे, कंपनीतल्या तरुणाच्या डब्यातले जेवावे, पुनर्वसनाच्या वसाहतीत जेवावे. जेथे जेवेल तेथे विचारावे की, हे पूर्वी कोठे शिजत होते. मग त्याने आपल्या आजीचे ते आंबट सार स्वतः शिजवून या सर्वांना जेवावयास बोलवावे. ते बहुधा कोणाला आवडणार नाही. लोक भिडेस्तव दोन घोट घेतील आणि ठेच्याचा शोध करतील. काही बिघडत नाही. घेणारा हात देणारा झाला, म्हणजे तो प्रेक्षक राहत नाही, शेजारी होतो. त्यानंतर त्याने जे काय चित्र काढावयाचे ते काढावे. ते कमी सुंदर झाले तरी चालेल. खोटे होणार नाही.

आणि आपण, यजमानांनी, काय करावे? पाहुण्याकरिता वारशाचा देखावा उभा करू नये. रोडगे लॉनवर विजेच्या भट्टीत भाजून 'हे आमच्या शेतकऱ्यांचे अन्न' म्हणून वाढू नयेत. शेतकरी कोठे गेला, असे पाहुण्याने विचारले तर ऐकण्यासारखे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे. विमानतळ नको, रुग्णालय नको, असे आमचे म्हणणे नाही. त्या रुग्णालयात आमच्याच मुलाबाळांचे प्राण वाचतात. ज्यांच्या जमिनीवर हे उभे आहे त्यांचे मीठ आपण रोज खात आहो, एवढे आपल्या ध्यानी राहावे, इतकेच आमचे मागणे. परदेशी पाहुणा दोन महिन्यांनी निघून जाईल. मिठाला जागण्याचा प्रश्न त्याच्यापेक्षा आपल्यालाच अधिक लागू आहे.

पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्री कुटुंबाची पाने मांडून झाली की, एक पान जास्तीचे मांडतात. अवचित कोणी दाराशी आला तर त्याला जागा असावी, हा हेतू. ज्यांना स्वतःच एक दिवस परक्या दाराशी जावे लागले, त्यांना या रिकाम्या पानाचा अर्थ आपल्यापेक्षा अधिक कळला असेल. मिहानमध्ये असा कलावंत-निवास खरोखरच निघाला आणि त्याच्या उद्घाटनाची पंगत बसली, तर तेथेही एक पान जास्तीचे मांडावे असे आम्हांस वाटते. ते कोणाकरिता, हे शिवणगावात किंवा तेल्हाऱ्यात जाऊन विचारावे. तेथले म्हातारे नावानिशी सांगतील. आणि मग ते पान रिकामे न ठेवता त्या माणसाला बोलावून आणावे.